इंडोनेशियाचे ताट : प्रभाव, स्वीकार आणि एका राष्ट्रीय पाकपरंपरेची घडण

'इंडोनेशियन पाककला' ही संज्ञा वरकरणी सोपी वाटली, तरी तिच्या पोटात एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. १७,००० हून अधिक बेटांवर पसरलेल्या या देशात आचे, मिनांगकाबाउ, सुंदा, जावा, बाली, मिनाहासा, मालुकू, पापुआ अशा अनेक प्रदेशांचे स्वतंत्र आहार आहेत आणि त्यांतील बहुतेक 'इंडोनेशिया' या राजकीय कल्पनेहून कितीतरी जुने आहेत. १९२८ च्या युवक-प्रतिज्ञेने एका समान भाषेचा उद्घोष केला व १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले. राष्ट्राची भाषा आणि राष्ट्राची सीमा अशा रीतीने ठरल्यानंतर राष्ट्राचे ताट कोणते, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर ज्या प्रक्रियेतून दिले गेले, ती तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. संकलन, निवड, वगळणूक, नामकरण आणि अनुवाद याच तिच्या पायऱ्या आहेत.

या ताटाचे वर्णन सहसा थरांच्या रूपकाने केले जाते. खाली देशी थर, त्यावर भारतीय, मग चिनी, अरबी, पोर्तुगीज व डच असे थर एकावर एक चढत गेले, असे ते वर्णन असते. या रूपकात घेणारा समाज निष्क्रिय ठरतो, कारण थर साचतात, ते निवडले जात नाहीत. भारतीय अभ्यासकांच्या बाबतीत या रूपकाला आणखी एक संदर्भ आहे. १९२६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ग्रेटर इंडिया सोसायटीच्या अभ्यासकांनी आग्नेय आशियाकडे बहुधा भारतीय संस्कृतीचा विस्तार म्हणून पाहिले. मंदिरे, शिलालेख व रामायणकथा यांच्या आधारे असा निष्कर्ष काढणे सोपे होते. स्वयंपाकघराची साक्ष मात्र तितकी सरळ नाही. तेथे काय घेतले गेले याइतकेच काय घेतले गेले नाही, हेही पाहावे लागते.

शब्दांची साक्ष

इंडोनेशियन भाषेतील खाद्यवाचक शब्दांत संस्कृतोद्भव शब्दांची संख्या लक्षणीय आहे. साखरेला 'गुला', मधाला 'मादू', मिऱ्याला 'मेरिचा', धन्याला 'केतुंबार' आणि चवीला 'रासा' म्हणतात. गुड, मधु, मरीच, कुस्तुंबरी आणि रस ही त्यांची मुळे मराठीतही गूळ, मध, मिरी, कोथिंबीर आणि रस या रूपांनी नांदत आहेत. शब्द एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी त्याने वेगळा संसार मांडलेला दिसतो. मराठीत कोथिंबीर म्हणजे हिरवी पाने, तर केतुंबार हा शब्द तेथे मुख्यतः वाळलेल्या बियांचा, म्हणजे धन्यांचा वाचक आहे. 'गुला' हा शब्द साखरेचा सामान्य वाचक झाला. नारळ वा तत्सम माडवर्गीय झाडांच्या रसापासून केलेल्या देशी गुळाला जावाचे नाव जोडून 'गुला जावा' म्हटले जाते.

पदार्थांची नावे बाहेरून आली असली, तरी स्वयंपाकाच्या मूलभूत क्रियांचे शब्द मात्र देशीच राहिले. उकडणे ('रेबुस'), भाजणे ('बाकार'), वाफवणे ('कुकुस') ही क्रियापदे ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातली आहेत. शेतातील भात, कांडलेला तांदूळ आणि शिजलेला भात यांना अनुक्रमे 'पादी', 'बेरास' आणि 'नासी' असे तीन वेगळे शब्द आहेत. मराठीत पिकाला आणि शिजलेल्या अन्नाला 'भात' हा एकच शब्द चालतो. भातसंस्कृतीची सूक्ष्म परिभाषा त्या समाजाजवळ स्वतःची होती, ती त्याला उसनी घ्यावी लागली नाही.

दुधाचा प्रश्न याहून बोलका आहे. भारतीय पाकपरंपरेत दूध, दही, लोणी व तूप यांना जे स्थान आहे, ते हजारभर वर्षांच्या संपर्कानंतरही जावा-सुमात्राच्या रोजच्या स्वयंपाकात निर्माण झाले नाही. त्यांचे काम 'सांतान' म्हणजे नारळाचे दूध करीत राहिले. पुढे लोणी आणि चीज या वस्तू आल्या, तेव्हा त्यांची 'मेंतेगा' व 'केजू' ही नावे पोर्तुगीजांकडून घेतली गेली, आणि तुपाचे 'मिन्याक सामिन' हे नाव अरबीच्या मार्गाने आले. गोड व तिखट यांसाठी संस्कृत शब्द स्वीकारणाऱ्या समाजाने दुग्धजन्य पदार्थांबाबत भारताकडून फारसे काही न घेणे, हा स्वीकाराच्या निवडक स्वरूपाचा ठळक पुरावा आहे.

वाङ्मयातही ही निवड दिसते. मजपहित राज्याच्या वैभवकाळी, १३६५ मध्ये, प्रपंच या कवीने रचलेल्या 'देशवर्णन' अथवा 'नागरकृतागम' या प्राचीन जावी काव्यात राजभोजनाचे वर्णन आले आहे. त्यात शास्त्राला मान्य अशा मांसांची यादी येते आणि त्याचबरोबर बेडूक, कासव, उंदीर, कुत्रा यांसारख्या निषिद्ध गोष्टींचाही उल्लेख येतो. या दुसऱ्या गोष्टीही, ज्यांना त्या आवडतात त्यांच्यापुढे, त्याच मेजवानीत येतात. भक्ष्याभक्ष्याची चौकट संस्कृत परंपरेतून आली. पण कवीने त्या चौकटीबाहेरची देशी रुची लपवली नाही. नियम आणि त्याचा अपवाद एकाच पंक्तीत बसवले. मार्गी आणि देशी यांचा असा सहवास मध्ययुगीन भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ओळखीचा वाटेल.

मसाल्यांची बेटे आणि मिरचीचे नाव

जगाच्या इतिहासात या द्वीपसमूहाचे नाव प्रथम गाजले ते मसाल्यांमुळे. लवंगेची मूळ भूमी उत्तर मालुकूतील तेर्नाते, तिदोरे आदी बेटे, तर जायफळ व जायपत्रीची मूळ भूमी बांदा बेटे. पुरणपोळी वा श्रीखंडातले जायफळ आणि गोड्या मसाल्यातली लवंग यांचा उगम याच बेटांवर आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा व १५११ मध्ये मलाक्का घेतले. पुढे मलाक्का व मालुकूतील पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार गोव्याच्या सत्तेखालीच चालत होता. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी १६२१ मध्ये यान पीटरस्झोन कून याच्या नेतृत्वाखाली बांदा बेटे जिंकली. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, गुलाम झाले किंवा परागंदा झाले. १६६७ च्या ब्रेडा तहाने इंग्रजांनी यांतील रुन या बेटावरचा हक्क सोडला आणि मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले.

ज्या वस्तूंसाठी हा रक्तपात झाला, त्या वस्तू देशी स्वयंपाकाचा कणा मात्र नाहीत. जायफळाच्या बाहेरील गराची गोड खाऊसारखी वस्तू केली जाते आणि लवंगेचा फार मोठा वाटा 'क्रेतेक' या लवंगयुक्त सिगारेटींत खर्च होतो. इंडोनेशियन चवीची आज सर्वपरिचित ओळख झालेली मिरची ही अमेरिकेतून, सोळाव्या शतकातील इबेरियन व्यापाराच्या वाटेने आलेली परकी वस्तू आहे.

तिला नाव देण्याची रीत येथे महत्त्वाची ठरते. इंडोनेशियन भाषेत मिरचीला 'चाबाइ' म्हणतात. हा शब्द मुळात लांबट देशी पिंपळीचा होता आणि जुन्या जावी भाषेत तो त्याच अर्थाने आढळतो. मिरची आल्यावर पिंपळीचे नाव तिला मिळाले आणि मूळ धन्याला 'चाबे जावा', म्हणजे जावाची चाबे, असे विशेषण लावून ओळखावे लागले. मलायमध्ये काळ्या मिऱ्याला असलेला 'लादा' हा शब्द मिनांगकाबाउ भाषेत 'लादो' होऊन मिरचीसाठी रूढ झाला. मराठीनेही हेच केले. मिऱ्यापासून 'मिरची' हा शब्द घडवला. एकमेकींशी सल्लामसलत न करता या भाषांनी नव्या तिखटाला जुन्या तिखटाच्या कुळात दाखल करून घेतले. परकी वस्तू आपलीशी करण्याची ही भाषिक पद्धत आहे, आणि ती इतकी यशस्वी झाली की मिरचीचे परकेपण दोन्हीकडील सामान्य माणसाच्या गावीही राहिले नाही.

पोर्तुगीज शब्दांची तुलनाही उद्बोधक आहे. गोव्यात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ मध्ये कोइंब्रा येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुमारे पन्नास आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मागोवा घेतला. त्यात कोकणी व मराठीबरोबर मलाय भाषाही आहे. या ग्रंथाचा अँथनी झेवियर सोआरिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. मलायने गव्हासाठी 'तेरिगू', चीजसाठी 'केजू' व केकसाठी 'बोलू' घेतले, तर मराठीने पाव, बटाटा, काजू घेतले. लोण्यासाठी मराठीला पोर्तुगीज शब्दाची गरज नव्हती, मलायला होती. दाता एकच असताना घेणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या निघाल्या, कारण प्रत्येकाच्या घरातली उणीव वेगळी होती.

चिनी नावे, देशी अर्थ

होक्किएन भाषेतून आलेल्या शब्दांची यादी मोठी आहे : 'ताहू' (सोयाबीनच्या दुधाचे पनीर), 'मी' (शेवया), 'बिहुन' (तांदळाच्या शेवया), 'लुंपिया', 'बाक्सो', 'केचाप'. यांतील शेवटचे दोन शब्द अनुवादाच्या दृष्टीने विशेष आहेत. होक्किएनमध्ये 'बाक' या शब्दाने मुख्यतः डुकराचे मांस सूचित होते. मुस्लीमबहुल समाजात 'बाक्सो' हे नाव टिकले, पण मांसाचे गोळे सामान्यतः गोमांसाचे झाले. केचाप हा आंबवलेल्या द्रवाचा चिनी प्रकार. त्यात देशी गूळ मिसळून 'केचाप मानिस', म्हणजे गोड केचाप, हा काळा दाट रस तयार झाला आणि तो जावी चवीची खूण ठरला.

ताहूच्या शेजारी 'तेंपे' ठेवून पाहिल्यास देशी प्रतिभेची जात कळते. ताहूचे नाव आणि कृती चीनमधून आली. तेंपे मात्र जावात निर्माण झाले. उकडलेल्या सोयाबीनवर बुरशी चढवून, ते पानांत गुंडाळून, त्याची घट्ट वडी जमवली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुराकार्ता येथे युवराजाच्या आज्ञेने रचलेल्या 'सेरात चेंथिनी' या विशाल जावी काव्यात तेंपेचा उल्लेख आहे. सतराव्या शतकातील भटक्या साधकांची कथा सांगणाऱ्या या ग्रंथात पाहुणचाराच्या निमित्ताने पदार्थांच्या लांबलचक याद्या येतात आणि त्यामुळे तो जावी आहाराचा एक कोशच झाला आहे.

राइस्टताफेल

डच काळाचे प्रतीक म्हणून 'राइस्टताफेल', म्हणजे 'भाताचे मेज', याचा उल्लेख नेहमी होतो. मध्ये भात आणि भोवती निरनिराळ्या प्रदेशांचे डझनावारी पदार्थ, आणि बटाव्हियाच्या हॉटेल दे इंदसारख्या ठिकाणी ते घेऊन रांगेने येणारे देशी सेवक, असा तो थाट होता. कोणत्याही देशी समाजात अशी पंगत नव्हती. एका यजमानाच्या मेजावर सर्व बेटे हजर करण्याची ही वसाहतवादी कल्पना होती. याच व्यवस्थेची दुसरी बाजू १८३० पासून जावावर लादलेल्या सक्तीच्या लागवडीत दिसते. ऊस, नीळ व कॉफी यांसाठी जमीन आणि श्रम वळवले गेले, आणि १८४० च्या दशकाच्या अखेरीस मध्य जावातील देमाक व ग्रोबोगान येथे भीषण दुष्काळ पडला. १८६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुल्तातुली यांच्या 'माक्स हाव्हेलार' या कादंबरीने या शोषणाची नोंद डच वाचकांपुढे ठेवली.

तथापि वसाहतीचा काळ केवळ मेजवानीचा नव्हता. तो पाकशास्त्रीय मुद्रणाचाही होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मलाय भाषेत 'कोकी बिचा' हे पाकपुस्तक छापले गेले आणि १९०२ मध्ये कातेनियस-व्हान देर मेइदेन यांचे हजाराहून अधिक कृतींचे डच पुस्तक आले. १९१८ मध्ये सुप्रसिद्ध पत्रलेखिका कार्तिनी यांची बहीण कार्दिनाह यांनी जावी भाषेत स्त्रियांसाठी पाकपुस्तक लिहिले. वसाहतीची गृहिणी देशी पदार्थ डचमध्ये नोंदवत असता एक जावी कुलीन स्त्री देशी वाचकांसाठी जावीत लिहू लागली, हा बदल लेखनाच्या अधिकारातला बदल होता.

डच संपर्कातून जे टिकले, त्याचे रूप 'सेमुर' या पदार्थात पाहता येते. नाव डच 'स्मोर' (मंद आचेवर झाकून शिजवणे) यावरून आले. त्यातला केचाप चिनी वंशाचा, त्यातला गोडवा जावी गुळाचा, जायफळ बांदाचे. जकार्ताच्या बेतावी मुसलमानांच्या घरी हा पदार्थ ईदच्या सणाला हमखास असतो. त्या ईदपूर्वीच्या रमजानच्या रोज्याला इंडोनेशियन भाषेत 'पुआसा' म्हणतात आणि हा शब्द संस्कृत 'उपवास' याचे रूपांतर आहे. अशा पदार्थाला डच, चिनी किंवा भारतीय यांपैकी एक पितृत्व देणे निरर्थक ठरते.

१९६७ : ग्रंथ आणि सत्ता

सुकार्नो यांनी १९५२ मध्ये बोगोर येथील कृषिविद्याशाखेच्या पायाभरणीप्रसंगी अन्नाचा प्रश्न हा राष्ट्राच्या जीवनमरणाचा प्रश्न असल्याचे प्रतिपादन केले होते. त्यांच्याच प्रेरणेने १९६० मध्ये सर्व प्रदेशांच्या पाककृती एकत्र करण्याचे काम सुरू झाले. कृषिखात्याने सिद्ध केलेला 'मुस्तिकारासा' हा ग्रंथ १९६७ मध्ये बाहेर पडला. त्यात १६०० हून अधिक कृती आणि ११०० हून अधिक पृष्ठे आहेत. शीर्षकात 'रस' हा संस्कृत शब्द आहे, भाषा इंडोनेशियन आहे आणि आशय प्रादेशिक आहे. राइस्टताफेलने जे मेजावर केले, तेच या ग्रंथाने राष्ट्राच्या नावाने कागदावर केले. पण येथे प्रत्येक कृतीला तिचा प्रदेश परत मिळाला.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी सुकार्नो यांची सत्ता संपुष्टात आली होती. त्या वर्षीच्या आणखी दोन घटना या इतिहासाशी जोडलेल्या आहेत. सुहार्तो राजवटीच्या १९६७ च्या १४ व्या अध्यक्षीय आदेशाने चिनी धार्मिक व पारंपरिक आचार सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले. त्याआधी, १९६६ मध्ये, चिनी वंशाच्या नागरिकांनी इंडोनेशियन धाटणीची नावे घ्यावीत असे धोरण आले होते. माणसांना नावे बदलावी लागली; ताहू, बाक्सो आणि बिहुन यांची नावे कोणी बदलली नाहीत. अब्दुर्रहमान वाहिद यांनी २००० मध्ये तो आदेश रद्द करेपर्यंत या शब्दांनी एका समाजाच्या अस्तित्वाची नोंद प्रत्येक कोपऱ्यावरच्या हातगाडीवर शाबूत ठेवली होती.

दुसरी घटना म्हणजे 'बुलोग' या सरकारी अन्नपुरवठा संस्थेची स्थापना. तांदळाचा भाव व पुरवठा हे राज्याचे मुख्य सूत्र झाले, सरकारी नोकरांना वेतनाचा भाग म्हणून तांदूळ दिला जात होता आणि १९८४ मध्ये देश तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले. या यशाची किंमत पूर्वेकडील बेटांनी मोजली. मालुकू व पापुआ येथील मूळ अन्न भात नसून सागूच्या झाडाच्या खोडातला पिठूळ गर आहे. त्यापासून केलेली 'पापेदा' ही चिकट खळ माशाच्या रश्शाबरोबर खाल्ली जाते. तिमोर व मदुरा यांसारख्या बेटांवर मका रुजलेला होता. 'मुस्तिकारासा'च्या पानांवर अशा अन्नांना जागा होती. धोरणात मात्र भात म्हणजे प्रगती आणि सागू वा मका म्हणजे मागासलेपण असे समीकरण रूढ झाले.

२०१८ मध्ये पर्यटन मंत्रालयाने सोतो, रेन्दांग, साते, नासी गोरेंग व गादो-गादो हे पाच पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे आणले. यांतील रेन्दांग हे मिनांगकाबाउ समाजाच्या स्थलांतराच्या परंपरेबरोबर देशभर पोहोचले. नारळाच्या दुधातला रस्सा 'गुलाइ', तो आटल्यावर 'कालिओ', आणि पूर्ण सुकल्यावर 'रेन्दांग' अशा त्याच्या अवस्था आहेत. सुकल्यामुळे ते प्रवासात टिकते. पाचही पदार्थ पश्चिमेकडील बेटांशी निगडित आहेत. सागूचा एकही पदार्थ त्यांत नाही. सोळाशे कृतींच्या ग्रंथापासून पाच पदार्थांच्या यादीपर्यंतचा हा प्रवास, विस्तृत संकलनातून अभिजातांची लहान सूची कशी उरते, याचे उदाहरण आहे. लक्ष्मी पामुंचाक यांच्या 'अरुणा दान लिदाह्न्या' (२०१४) या कादंबरीची नायिका साथीच्या रोगाच्या तपासासाठी देशभर फिरते आणि ठिकठिकाणच्या चवी टिपत जाते. अशा सूचींतून निसटलेल्या प्रदेशांकडे साहित्य पुन्हा वळू लागल्याची ती एक खूण मानता येईल.

समारोप

मराठी वाचकाला 'सागू' हा शब्द अगदीच अनोळखी नाही. साबुदाण्याच्या नावाचे नाते याच मलाय शब्दाशी जोडले जाते. आज भारतात साबुदाणा अमेरिकेतून आलेल्या टॅपिओका कंदापासून होत असला, तरी नाव जुन्याच झाडाचे आहे. भारताकडून 'उपवास' हा शब्द त्या बेटांवर गेला आणि मुसलमानांच्या रोज्याचा वाचक झाला. त्या बेटांकडचा 'सागू' इकडे आला आणि हिंदूंच्या उपवासाचे अन्न झाला. या देवघेवीत कोणी केवळ दाता नव्हता व कोणी केवळ याचक नव्हता. प्रभावाचा इतिहास एका दिशेने लिहिला, तर ही बाब निसटते.

स्वीकाराची बाजू मांडताना तिचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. ज्या समाजाने दूध नाकारले, मिरचीला पिंपळीचे नाव दिले आणि डुकराच्या जागी गोमांस योजून चिनी पदार्थ आपला केला, त्याच समाजाच्या राज्यसंस्थेने सागू खाणाऱ्या बेटांना राष्ट्रीय ताटाच्या कडेला बसवले. स्वीकार हाही सत्तेचा व्यवहार असतो, आणि कोणाच्या वतीने कोण निवड करीत आहे हा प्रश्न त्याच्या प्रत्येक टप्प्यावर विचारावा लागतो. इंडोनेशियन पाकपरंपरेचा इतिहास लिहिताना हा प्रश्न बटाव्हियाच्या मेजाला जितका लागू पडतो, तितकाच जकार्ताच्या मंत्रालयालाही लागू पडतो.